कवच उतरवून देणारा वकील

दुसऱ्याचा खटला लढवणाऱ्याला स्वतःचा खटला लढवता येतोच असे नाही. याचा धडधडीत पुरावा २००४ च्या सप्टेंबर महिन्यात अमेरिकेच्या टीव्हीवर दिसला. 'द अप्रेंटिस' नावाचा धंदेवाईक स्पर्धेचा तो कार्यक्रम. उमेदवारांचे दोन गट, दर आठवड्याला धंद्याचे एक काम, आणि हरलेल्या गटाची मालकासमोर झाडाझडती. मालक म्हणजे पुढे दोनदा राष्ट्राध्यक्ष झालेले डोनाल्ड ट्रम्प. झाडाझडतीच्या शेवटी ते एकाला घरी पाठवीत.

या कार्यक्रमाच्या दुसऱ्या पर्वात ब्रॅडफोर्ड कोहेन हा फ्लोरिडाचा वकील होता. पहिल्या आठवड्यात त्याच्या नेतृत्वाखाली गट जिंकला. बक्षीस म्हणून दुसऱ्या आठवड्यात त्याला अभय मिळाले. गट हरला तरी त्याला काढता येणार नाही, असा नियमच होता. दुसऱ्या आठवड्यात आइस्क्रीम विकण्याचे काम आले आणि गट हरला. गटाची नेता दुसरी होती, जाब तिला द्यायचा होता. कोहेनने नुसते गप्प बसायचे होते. पण या वकीलसाहेबांनी काय करावे? माझा माझ्यावर विश्वास आहे, मला अभय नको, असे सांगून त्यांनी हातचे संरक्षण सर्वांसमक्ष सोडून दिले. ट्रम्प यांनी तोच अविचार धरला आणि त्यालाच काढले.

आता विचार करा, त्याच्यावर आरोप कोणता होता? कोणताच नाही. न मागितलेला खुलासा त्याने दिला. धैर्य हा वादाचा मुद्दाच नव्हता, तरी धैर्य सिद्ध करीत बसला. एखाद्या अशिलाने कोर्टात असे केले असते तर याच वकिलाने त्याला कोट ओढून खाली बसवले असते. अशील स्वतःच झाल्यावर कायदा विसरला आणि मर्दुमकी आठवली.

सातासमुद्रापलीकडची ही गोष्ट आम्ही कळंब, वालचंदनगर, इंदापूर, बारामतीच्या वाचकांना का सांगत आहोत? कारण असे कोहेन आमच्यातही तयार होत आहेत. कॉलेजात, कचेरीत, कारखान्यात आमच्या पोराला कोणीतरी टोमणा मारतो, 'तू काय बाबा, सवलतीचा!' पोरगा शिकलेला असतो, स्वाभिमानी असतो. टोमणा जिव्हारी लागतो आणि तो ताडकन म्हणतो, मला नको तुमची सवलत. टाळ्या पडतात. टाळ्या वाजवणारा मात्र स्वतःची वतनदारी, स्वतःची ओळखपाळख, स्वतःच्या मामाची संचालकाची खुर्ची कधी सोडत नाही. ज्याच्यावर आरोपच नाही त्याने खुलासा कशासाठी द्यायचा? राखीव जागा हा गुन्हा नाही. संविधानाच्या कलम १६(४) ने दिलेली ती तरतूद आहे.

आणि हे हक्क असे उतरवून देता येतात का? मुंबईच्या फुटपाथवासीयांच्या ओल्गा टेलिस खटल्यात हा प्रश्न आला होता. फुटपाथवर झोपडी बांधण्याचा मूलभूत हक्क आम्ही सांगत नाही, असे हायकोर्टात कबूल केल्यामुळे आता तुम्हाला बोलता येणार नाही, असा मुद्दा महापालिकेने मांडला. सुप्रीम कोर्टाने १९८५ साली तो फेटाळला. संविधानाविरुद्ध अशी कबुली चालत नाही, मूलभूत हक्क कोणाला सोडून देता येत नाहीत, कारण ते त्या एकट्या माणसाच्या सोयीसाठी नसून साऱ्या समाजाच्या हितासाठी आहेत, असे न्यायालय म्हणाले. झोपड्या शेवटी वाचल्या नाहीत, पावसाळा संपेपर्यंतची मुदत तेवढी मिळाली. पण हा सिद्धांत कायम राहिला.

वकिलाने स्वतःचा बचाव कसा करावा, हे पाहायचे असेल तर महाडला जावे. चवदार तळ्याच्या दाव्यात बॅरिस्टर भीमराव आंबेडकर स्वतः प्रतिवादी होते. डिसेंबर १९२७ मध्ये सवर्णांनी तळे आपल्या खाजगी मालकीचे असल्याचे सांगून मनाई हुकूम आणला. हजारो माणसे सत्याग्रहासाठी जमली होती, रक्त तापलेले होते. अशा वेळी मर्दुमकी दाखवणे सोपे होते. बाबासाहेबांनी मनाई हुकूम मानला, सत्याग्रह पुढे ढकलला आणि लढाई कागदावर नेली. तळे नगरपालिकेचे. अस्पृश्यांना बंदी करण्याची रूढी अनादि काळापासून चालत आली असे तुम्ही म्हणता ना, मग सिद्ध करा! सिद्ध करण्याचा बोजा दावा करणाऱ्यावर पडला आणि त्यांना तो पेलला नाही. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई हायकोर्टाने निकाल आपल्या बाजूने दिला. दहा वर्षे लागली, पण हातातला एकही हक्क त्यांनी शाबासकीसाठी सोडला नाही.

आमच्या तरुणांनी यातून व्यवहाराचे चार धडे घ्यावेत. नोकरीत चौकशी लागली तर आरोप लेखी मागा. जेवढे विचारले तेवढेच उत्तर द्या. सहकारी किंवा युनियनचा माणूस सोबत मागा. कोऱ्या कागदावर सही करू नका आणि 'राजीनामा दे, मी मर्द आहे हे दाखव' असे म्हणणाऱ्याला हात जोडा. जात पडताळणीची सुनावणी असो, बँकेत कर्जाची मुलाखत असो की पोलीस ठाण्यात अॅट्रॉसिटीची फिर्याद असो, कायद्याने दिलेले संरक्षण आधी पुढे ठेवा, भाषण नंतर करा.

कोहेनने सोडले ते एका आठवड्याचे अभय होते. ते त्याचे एकट्याचे होते, गेले तर त्याचे गेले. आमच्या हातात आहे ते आमचे एकट्याचे नाही. महाडला काठ्या खाल्लेल्यांचे ते आहे आणि अजून जन्माला यायच्या पोरांचेही आहे. ते कोणाच्या टाळ्यांसाठी उतरवून देण्याचा अधिकार आम्हाला कोणी दिला?