वय मोजावे की भागीदार पारखावा?

पाचगणीहून महाबळेश्वराकडे जाताना स्ट्रॉबेरीचे वाफे दृष्टीस पडतात. फळ मोठे नाजूक; तोडल्यावर फार दिवस टिकत नाही. या अडचणीतच संधी पाहून १९५९ मध्ये पाचगणीत ‘मॅप्रो’चा प्रारंभ झाला. संस्थापक किशोर व्होरा हे औषधनिर्माणाचे जाणकार होते. पुढे पुतणे मयूर व्होरा यांनी उद्योगाची धुरा सांभाळली. घरातलाच वारस लाभला, असे हे उदाहरण.

परंतु प्रत्येक घरी असा योग जुळतोच असे नाही. बावीस वर्षांचा मुलगा गल्ल्यावर न बसता मित्रासमवेत नवा उद्योग काढू म्हणतो, तेव्हा वडिलांसमोर दोन प्रश्न उभे राहतात. वय लहान तर नाही? आणि भागीदार घरचा असावा की बाहेरचा? पणाला लागलेली असते ती पिढ्यांनी जमविलेली पुंजी आणि त्याहून मोलाची पेढीची पत.

वयाविषयी अमेरिकेत सुमारे २७ लाख संस्थापकांचा अभ्यास झाला. तो २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. सर्वाधिक वेगाने वाढलेल्या कंपन्यांच्या संस्थापकांचे प्रारंभीचे सरासरी वय ४५ निघाले. त्याच क्षेत्रातील पूर्वानुभव यशाची शक्यता वाढवितो, असेही त्यात आढळले. म्हणजे विशीत आरंभ करू नये असे नव्हे. विशीत जो अनुभव नसतो, तो कोठून तरी आणावा लागतो.

वालचंद हिराचंद यांनी तो भागीदाराकडून मिळविला. सोलापूरच्या जैन व्यापारी कुटुंबात १८८२ मध्ये जन्मलेल्या वालचंदांचे मन कापूस व सावकारीच्या घरच्या व्यवसायात रमले नाही. तरुण वयातच त्यांनी लक्ष्मणराव बळवंत फाटक यांच्याशी भागीदारी केली आणि बार्शी लाइट रेल्वेच्या कामाचा ठेका घेतला. फाटक पूर्वी रेल्वेत कारकून होते; त्यांना रेल्वेचे काम आतून ठाऊक. वालचंदांपाशी घराण्याची पत आणि धाडस. दोघेही एकाच गुणाचे असते, तर ती जोडी अपुरी पडली असती. पुढे १९१९ मध्ये, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, सिंदिया जहाज कंपनी उभारताना त्यांनी नरोत्तम मोरारजींसारखे गिरणीमालक सोबत घेतले. कामाचा आवाका बदलला, तसा सोबतीही बदलला.

आजच्या सांगली जिल्ह्यातील किर्लोस्करवाडीची कथा याहून वेगळी. १९१० मध्ये कुंडलजवळच्या खडकाळ माळावर कारखाना उभारताना लक्ष्मणराव किर्लोस्कर एक्केचाळीस वर्षांचे होते. भागीदार होते सख्खे बंधू रामूअण्णा. तथापि केवळ नात्यावर विसंबून चालले नाही. यंत्रे लक्ष्मणरावांनी पाहिली, वसाहतीच्या उभारणीची जबाबदारी रामूअण्णांनी उचलली.

तेव्हा भागीदार घरचा की बाहेरचा, यापेक्षा त्याच्यापाशी आपल्याला उणे असलेले काय आहे, हे आधी पाहावे. त्यानंतर कागद करावा. १९३२ च्या भागीदारी कायद्यानुसार एका भागीदाराने पेढीच्या कामात केलेले देणे सर्वांवर येते, आणि ते खासगी मालमत्तेपर्यंत पोहोचू शकते. करारात उल्लेख नसेल, तर भांडवल कितीही कमीजास्त असो, नफातोटा समान वाटला जातो. करारात वेगळी तरतूद नसेल, तर एका भागीदाराच्या मृत्यूने पेढीच विसर्जित होते. २००८ च्या कायद्याने मर्यादित दायित्वाच्या भागीदारीची सोय केली आहे. नव्या उद्योगासाठी तिचा विचार अवश्य व्हावा.

कोणाचा किती वाटा, अखेरचा निर्णय कोणाचा, आणि वेगळे व्हायचे झाल्यास हिशेब कसा, या तीन गोष्टी पहिल्या मालाची विक्री होण्यापूर्वीच लिहून ठेवाव्यात. प्रेम असते तेव्हाच असे लेखन सोपे जाते.