स्टेरॉइड संप्रेरकांची निर्मिती : माळव्यातील सोयाबीनच्या संदर्भात

प्रस्तावना :
धार आणि देवास ही माळव्यातील पवार घराण्याची जुनी संस्थाने. आज हे दोन्ही जिल्हे सोयाबीनसाठी ओळखले जातात. सोयाबीनच्या तेलात स्टिग्मास्टेरॉल हे वनस्पतिजन्य स्टेरॉल असते. अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ पर्सी ज्युलियन यांनी १९४० च्या सुमारास त्यापासून प्रोजेस्टेरॉन मोठ्या प्रमाणावर तयार केले. मग सोयाबीन खाल्ल्याने शरीरातही संप्रेरके तयार होतात काय? याचे उत्तर नाही असे आहे. कारखान्यातील ही प्रक्रिया मानवी शरीरात घडत नाही. वनस्पतिजन्य स्टेरॉल आतड्यातून अत्यल्प प्रमाणात शोषले जाते. सोयाबीनमधील आयसोफ्लेव्होन इस्ट्रोजेनसारखा सौम्य परिणाम दाखवतात, परंतु ते स्टेरॉइड नव्हेत.

कच्चा माल एक, संप्रेरके अनेक :
शरीराचा कच्चा माल कोलेस्टेरॉल हा आहे. त्यात २७ कार्बन अणू असतात. 'स्टार' नावाचे प्रथिन कोलेस्टेरॉलला तंतुकणिकेच्या आतील पटलापर्यंत पोहोचवते. निर्मितीचा वेग मुख्यतः याच टप्प्यावर ठरतो. तेथे एक विकर त्याची बाजूची साखळी तोडते व २१ कार्बनचे प्रेग्नेनोलोन तयार होते. पुढचा मार्ग त्या पेशीत कोणती विकरे आहेत यावर अवलंबून असतो. अधिवृक्क ग्रंथीच्या बाह्यकात अल्डोस्टेरॉन व कॉर्टिसॉल (दोन्ही २१ कार्बन), वृषणात टेस्टोस्टेरॉन (१९ कार्बन), तर अंडाशयात प्रोजेस्टेरॉन (२१ कार्बन) आणि इस्ट्रोजेन (१८ कार्बन) तयार होते. म्हणूनच एखादे विकर जन्मतः कमी असल्यास एका संप्रेरकाची उणीव, तर दुसऱ्याचा अतिरेक होतो.

नियंत्रण :
ही संप्रेरके साठवली जात नाहीत, गरजेनुसार तयार होतात. पीयूषिका ग्रंथीतील एसीटीएच कॉर्टिसॉलच्या निर्मितीस चालना देते आणि कॉर्टिसॉल वाढले की एसीटीएच घटते. प्रेडनिसोलोनसारख्या गोळ्या अनेक आठवडे घेतल्यास शरीर हेच संकेत ओळखते, एसीटीएच कमी होते आणि अधिवृक्क ग्रंथी सुस्तावते. अशा वेळी गोळ्या एकाएकी बंद केल्यास उलट्या, रक्तदाब घसरणे व प्रसंगी प्राणसंकटही ओढवते. म्हणून मात्रा डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू कमी करावी लागते.

समारोप :
कोलेस्टेरॉल म्हणजे केवळ हृदयविकाराचे कारण, ही विद्यार्थ्यांची धारणा अपुरी आहे. वर्गात २७, २१, १९, १८ हा कार्बनचा उतरता क्रम फळ्यावर मांडून प्रत्येक टप्प्यावरील विकर विचारल्यास ही प्रक्रिया पाठांतराशिवाय समजते. सोबत 'स्टेरॉइडची गोळी मनाने सुरू करू नये व मनाने थांबवू नये' हेही सांगितल्यास हा पाठ विद्यार्थ्यांच्या घरापर्यंत पोहोचेल.