रक्ताची गुठळी : तारक आणि मारक

विळ्यानें बोट कापलें असतां प्रथम रक्त भळभळां वाहतें व थोड्या वेळानें आपोआप थांबतें. हा उपकार गुठळीचा होय. रक्तांत अतिसूक्ष्म चकत्या असतात. रक्तवाहिनी फाटतांच त्या भोकापाशीं जमून एकमेकींस चिकटतात. मागोमाग रक्तांत विरघळलेलें एक द्रव्य तंतुरूप होतें, आणि त्या तंतूंच्या जाळ्यांत रक्तकण अडकून बूच तयार होतें. पाटाचा फुटलेला बांध काटक्या व चिखल घालून बुजवावा, तसाच हा प्रकार आहे. जखम भरली म्हणजे शरीर तें बूच स्वतःच विरघळवितें.

परंतु न फुटलेल्या पाटांत असें बूच बसलें तर वाहतें पाणीच अडतें. याचीं कारणें तीन : रक्ताचा प्रवाह मंदावणें, वाहिनीच्या आंतील अस्तरास इजा होणें आणि रक्ताची गोठण्याची प्रवृत्ति वाढणें. म्हणून हाड मोडून अंथरुणास खिळलेला मनुष्य, मोठी शस्त्रक्रिया झालेला रोगी, गरोदर किंवा नुकतीच बाळंत झालेली स्त्री, यांच्या पायांतील खोल शिरेंत गुठळी धरण्याचा संभव अधिक असतो.

अशा गुठळीचा तुकडा सुटला म्हणजे तो रुंद होत जाणाऱ्या शिरांतून बिनअडथळा हृदयाच्या उजव्या भागांत पोंचतो, व तेथून फुप्फुसांत लोटला जातो. तेथील वाहिन्या पुन्हां अरुंद होत जातात; त्यांत तो अडकतो. एकाएकीं धाप लागते, छातींत कळ येते, क्वचित् थुंकींतून रक्त पडतें. तुकडा मोठा असल्यास प्राणही जातो. हृदयाच्या डाव्या भागांत किंवा मानेंतील धमनींत धरलेली गुठळी मात्र मेंदूंत जाते. मग तोंड वांकडें होतें, एका बाजूचे हातपाय लुळे पडतात, वाचा अडखळते. अशा रोग्यास गुठळी विरघळविणारें औषध बहुधा साडेचार तासांच्या आंतच देतां येतें. सबब घरगुती उपायांत वेळ दवडूं नये.

एकच पोटरी सुजून दुखूं लागली कीं लचक भरली असें समजून तेल चोळण्याची आपली चाल आहे. ती येथें घातक ठरूं शकते. चोळल्यानें तुकडा सुटण्याची भीति असते. तडक डॉक्टर गांठावा.

रक्त सहजीं गोठूं न देणारें एक प्रसिद्ध औषध गोठ्यांतूनच निघालें आहे. इ. स. १९३३ च्या फेब्रुवारींत अमेरिकेंतील विस्कॉन्सिन संस्थानांत एड कार्लसन नांवाचा शेतकरी मेलेली कालवड, न गोठणाऱ्या रक्ताची बरणी आणि बुरशी आलेला चारा घेऊन हिमवादळांतून मॅडिसनच्या विद्यापीठांत गेला. चारा आपल्या मेथीच्या कुळांतील होता. तो कुजल्यावर खाऊन गुरें रक्तस्रावानें मरत. कार्ल लिंक यांच्या प्रयोगशाळेनें १९३९ सालीं त्यांतील विषारी द्रव्य वेगळें केलें. त्याच जातीचें वॉरफरिन १९४८ सालीं उंदीर मारण्यासाठीं व १९५४ पासून मनुष्यांच्या औषधासाठीं वापरांत आलें.

तेव्हां ज्यांस हें औषध चालूं असेल त्यांनीं रक्ताची नेमानें तपासणी करवावी आणि मात्रा आपल्या मतानें वाढवूं वा सोडूं नये. कमी पडल्यास गुठळी धरते, अधिक झाल्यास त्या कालवडीची गत होते.