लेफ्टनंट कर्नल हेमू अधिकारी : सैनिकी शिस्त आणि क्रीडा व्यवस्थापन

प्रस्तावना

खेळाडूची कामगिरी धावा आणि बळींच्या आकड्यांत नोंदली जाते. संघव्यवस्थापकाचे कार्य मात्र धावफलकावर दिसत नाही. त्यामुळे ते बहुधा उपेक्षित राहते. या दृष्टीने पुणे येथे ३१ जुलै १९१९ रोजी जन्मलेले लेफ्टनंट कर्नल हेमचंद्र रामचंद्र अधिकारी यांची कारकीर्द अभ्यासनीय आहे. सैनिकी शिस्त क्रीडा व्यवस्थापनात कितपत उपयुक्त ठरते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

सैनिक आणि खेळाडू

अधिकारी यांनी १९३६-३७ च्या हंगामात गुजराततर्फे प्रथमश्रेणी क्रिकेटमध्ये पदार्पण केले. पुढे ते बडोदा व सेनादलाकडून खेळले. महायुद्धामुळे त्यांचे कसोटी पदार्पण १९४७ च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यापर्यंत लांबले. १९४८ मध्ये दिल्ली येथे वेस्ट इंडीजविरुद्ध त्यांनी नाबाद ११४ धावा केल्या. १९५२ मध्ये त्याच शहरात पाकिस्तानविरुद्ध गुलाम अहमद यांच्यासह शेवटच्या जोडीसाठी १०९ धावांची भागीदारी केली.

१९५८-५९ मध्ये वेस्ट इंडीजविरुद्धच्या पाच कसोटींत भारताने चार कर्णधार नेमले. शेवटच्या कसोटीची धुरा सैन्यात सेवा बजावणाऱ्या अधिकारी यांच्याकडे आली. त्यांनी ६३ व ४० धावा केल्या, तीन बळी घेतले आणि सामना अनिर्णित राहिला. २१ कसोटी व ८७२ धावांवर त्यांची कसोटी कारकीर्द संपली.

व्यवस्थापक

१९७१ च्या इंग्लंड दौऱ्यात ते भारतीय संघाचे व्यवस्थापक होते. त्या काळी संघासोबत आजच्यासारखे स्वतंत्र प्रशिक्षक वा व्यायामतज्ज्ञ नसत. स्वतः उत्कृष्ट क्षेत्ररक्षक असलेल्या अधिकारी यांनी शारीरिक क्षमता आणि क्षेत्ररक्षण यांवर भर दिला. ओव्हल कसोटीत चंद्रशेखर यांनी ३८ धावांत ६ बळी घेऊन इंग्लंडचा दुसरा डाव १०१ धावांत गुंडाळला. त्याच डावात एकनाथ सोलकर यांनी अ‍ॅलन नॉट यांचा झेल पुढे झेपावून टिपला. २४ ऑगस्ट रोजी भारताने चार गडी राखून विजय मिळविला आणि इंग्लंडमधील पहिली मालिका जिंकली.

मात्र १९७४ च्या इंग्लंड दौऱ्यात व्यवस्थापक अधिकारी व कर्णधार अजित वाडेकर तेच असूनही भारत ३-० असा पराभूत झाला. लॉर्ड्सवर संघ ४२ धावांत बाद झाला. संघातील मतभेदही उघड झाले. शिस्तीने संघाची तयारी होते, परंतु परस्परविश्वासाची जागा शिस्त घेऊ शकत नाही, असा बोध या दोन दौऱ्यांच्या तुलनेतून मिळतो.

निष्कर्ष

पुढे अधिकारी यांनी तरुण खेळाडूंच्या प्रशिक्षणाचे मोलाचे कार्य केले. २५ ऑक्टोबर २००३ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. रत्नागिरीसारख्या जिल्ह्यांत महाविद्यालयीन संघाचा सराव, प्रवास आणि शिस्त ही सारी जबाबदारी अनेकदा एकाच शिक्षकावर असते. अशा शिक्षकांनी अधिकारी यांच्या यशाइतकाच त्यांच्या अपयशाचाही अभ्यास करणे उचित ठरेल.