विश्लेषण : इलेक्ट्रिक मोटारसायकल घेताना रेंजवर किती विसंबावे?

इलेक्ट्रिक मोटारसायकलींच्या जाहिरातीत सर्वांत मोठ्या अक्षरांत छापलेला असतो तो रेंजचा आकडा. ग्राहकही दोन गाड्यांची तुलना बहुतेक वेळा त्यावरच करतात. पण रोज ७०-८० किमी ये-जा करणाऱ्याला हाच आकडा अडचणीत आणू शकतो.

रेंज मोजतात कशी?

आपल्याकडे बहुतेक कंपन्या ‘इंडियन ड्रायव्हिंग सायकल’ म्हणजेच ‘आयडीसी’ पद्धतीने मोजलेली रेंज जाहीर करतात. प्रयोगशाळेत रोलरवर गाडी ठरावीक पद्धतीने चालवली जाते. तिचा सरासरी वेग ताशी २२ किमीच्या आसपास आणि कमाल ४२ किमी असतो. घाट, समोरचा वारा, मागे बसलेला माणूस यांचा त्यात हिशेब नाही. वेग वाढला की हवेचा विरोध त्याच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, त्यामुळे महामार्गावर बॅटरी झपाट्याने उतरते. पुण्याच्या टॉर्क मोटर्सने २०२२ मध्ये ‘क्रॅटोस’ आणली, तेव्हा कंपनीनेच दोन आकडे दिले होते : आयडीसी १८० किमी आणि प्रत्यक्षात १२० किमी. असा प्रामाणिकपणा सगळीकडे दिसत नाही.

मग तुलना कशाची करायची?

बॅटरीच्या क्षमतेची. ती किलोवॉट-अवरमध्ये देतात. एक किलोवॉट-अवर म्हणजे वीजबिलावरचे एक युनिट. रिव्होल्ट आरव्ही ४०० ची बॅटरी ३.२४ किलोवॉट-अवरची आणि दावा १५० किमीचा. ओबेन रोरची ४.४ आणि दावा १८७ किमीचा. भागाकार केला तर किलोमीटरला २२ ते २४ वॉट-अवर इतकाच खर्च निघतो. शहराबाहेर ताशी ५०-६० किमी वेगाने जाणाऱ्याने तो ३५ धरावा आणि बॅटरीतील ९० टक्केच वीज वापरायची असे समजावे. या ठोकताळ्याने १५० चे साधारण ८३ आणि १८७ चे ११३ किमी होतात. रोजचा प्रवास ८० किमी असेल, तर पहिल्या गाडीवर परतताना धाकधूक राहणार. अल्ट्राव्हायोलेट एफ ७७ मॅक २ च्या मोठ्या बॅटरीच्या, म्हणजे १०.३ किलोवॉट-अवरच्या गाडीचा दावा ३२३ किमीचा आहे. पण ती जड आणि वेगवान असल्याने तिच्यासाठी ३५ चा आकडा अपुरा पडेल.

पैसे खरेच वाचतात का?

चार्जिंगमधील गळती धरून १०० किमीला साडेचार युनिट लागतात असे मानू. युनिटला १० रुपये दराने ४५ रुपये झाले. लिटरला ५० किमी देणाऱ्या पेट्रोल गाडीला, १०५ रुपये दराने, २१० रुपये लागतात. महिन्याला १,००० किमी फिरणाऱ्याचे १,६५० रुपये वाचतात. गाडी ५० हजारांनी महाग असेल तर ते भरून निघायला अडीच वर्षे लागतील. महिन्याला ३०० किमीच फिरणाऱ्याने मात्र घाई करू नये. महावितरणच्या घरगुती दरात १०० युनिटनंतरचा टप्पा महाग आहे, ही गोष्टही हिशेबात धरायला हवी. दरमहा ४५ युनिट वाढले की अनेकांचे बिल त्या टप्प्यात जाते.

किमतीची तुलना करताना चार्जर धरला आहे का, हे विचारावे. २०२३ मध्ये चार्जरचे वेगळे पैसे घेणाऱ्या काही ई-स्कूटर कंपन्यांना ते ग्राहकांना परत द्यावे लागले होते.

चार्जिंग कुठे?

स्वतःचे पार्किंग आणि तिथे प्लग नसेल तर बाकीची तुलना व्यर्थ आहे. सोसायटीची परवानगी आणि वेगळे मीटर यांचे आधी पाहावे. काढता येणारी बॅटरी हा पर्याय आहे, पण ती रोज तिसऱ्या मजल्यावर नेणे म्हणजे व्यायामच.

वॉरंटी आणि सुरक्षितता

वॉरंटीत वर्षे आणि किलोमीटर दोन्ही असतात. जे आधी संपेल ते लागू. क्षमता किती टक्क्यांखाली गेल्यावर बॅटरी बदलून मिळेल आणि गाडी विकल्यास वॉरंटी नव्या मालकाकडे जाते का, हे लेखी घ्यावे. २०२२ मध्ये ई-स्कूटरना आगी लागल्यानंतर बॅटरीसाठी ‘एआयएस-१५६’ मानकाचे कडक नियम आले आणि त्यांचा दुसरा टप्पा ३१ मार्च २०२३ पासून लागू झाला. त्यामुळे जुनी गाडी घेणाऱ्यांनी आरसी बुकवरील उत्पादनाचा महिना आधी पाहावा.