अण्णा नाईकांचा वाडा : गुण आणि दोष



मध्यंतरी वर्गात एका विद्यार्थिनीने मला विचारले, "बाई, तुमच्या कोकणात घरोघरी भुते असतात का हो?" वर्ग हसला, मीही हसले. परंतु प्रश्न मनात राहिला. त्याचे मूळ 'रात्रीस खेळ चाले' या दूरचित्रवाणी-मालिकेत होते, आणि कोठीच्या परिसरातील मराठी घरांतून ती आवडीने पाहिली गेली होती. तिचे दुसरे पर्व जानेवारी २०१९ मध्ये सुरू होऊन ऑगस्ट २०२० मध्ये संपले. त्याचे गुणदोष तपासून पाहणे उद्बोधक ठरेल.

२०१६ सालच्या पहिल्या पर्वाचा आरंभ अण्णा नाईकांच्या मृत्यूने झाला होता. दुसरे पर्व पुढे न जाता मागे वळले आणि त्याने अण्णांचे पूर्वायुष्य सांगितले. साहजिकच नायकाचा शेवट प्रेक्षकांस आधीच ठाऊक होता. मग उत्कंठा उरली कोठे? कीर्तनाला बसणाऱ्यांस रावणवध ठाऊक नसतो काय? तरीही ते मध्यरात्रीपर्यंत बसतात. कारण 'काय झाले' यापेक्षा 'का झाले' यात अधिक रस असतो. दुसऱ्या पर्वाचे पहिले बळ हेच. येथे भूत बाहेरून येत नाही; अण्णांच्या दुष्कृत्यांना बळी पडलेली माणसेच त्यांना भेडसावू लागतात. अपराध्याच्या मनातील भयाला लेखकाने असे दृश्यरूप दिले.

दुसरे बळ अभिनयाचे आणि भाषेचे. माधव अभ्यंकरांचे अण्णा आणि अपूर्वा नेमळेकरांची शेवंता यांनी प्रेक्षकांच्या मनाची पकड घेतली. लेखनात सहभाग असलेल्या प्रल्हाद कुडतरकरांनी पांडूची भूमिकाही केली. चित्रीकरण सावंतवाडीजवळच्या आकेरी गावी झाल्यामुळे वाडा, विहीर, माडांची सळसळ हे सारे खरे वाटते. मालवणी ही माझ्या कोकणी मातृभाषेची सख्खी बहीण. समुद्रापासून इतक्या दूर, या शहरात, रात्री ती कानी पडली म्हणजे जीव सुखावे, हे मी प्रांजळपणे सांगते.

आता दोषांकडे वळू. दैनंदिन मालिकेला रोज एक भाग भरावा लागतो, आणि प्रत्येक भागाच्या शेवटी प्रेक्षकाला दचकवावे लागते. परंतु भय हे मिठासारखे आहे. चिमूटभर पुरते, मूठभर झाले की पदार्थ बिघडतो. तेच कुजबुजणे, तेच वळून पाहणे वारंवार आले, तेव्हा दचकणारा प्रेक्षक पुढचे ओळखू लागला. त्यातच २०२० च्या टाळेबंदीत चित्रीकरण थांबले, आणि ओघ तुटला.

दुसरा दोष अधिक गंभीर आहे. दुष्टाचे चित्र इतके आकर्षक झाले की अण्णांच्या लकबींची नक्कल कौतुकाने होऊ लागली. मात्र मुकाट्याने सोसणाऱ्या माईंची आठवण कोणी काढीना. ज्याचा धिक्कार वाटावा त्याचेच कौतुक झाले, तर कथेचा तोल कोठेतरी ढळला असे म्हणावे लागते.

तिसरा दोष आमच्या प्रांताविषयीच्या समजुतीचा. कोकण म्हणजे भुताखेतांचा मुलूख, अशी आपली चेष्टा होत असल्याची भावना तेथील अनेकांनी पहिल्या पर्वापासूनच बोलून दाखविली होती. दशावताराची रंगभूमी, भातशेती, भजनी मंडळे यांनी नांदणारा प्रदेश केवळ करणी आणि देवचार यांवरून ओळखला जावा, हे कोणाला रुचेल? अंधश्रद्धेविरुद्ध २०१३ साली कायदा करणाऱ्या महाराष्ट्रातील ही मालिका. तिच्यात विवेकाचा आवाज अधिक स्पष्ट उमटावयास हवा होता.

म्हणून त्या विद्यार्थिनीला माझे उत्तर असे : बाळ, कोकणात माझ्या आजीच्या घरी भूत नव्हते; अंधार होता, आणि अंधारात गोष्ट सांगणारी आजी होती. गोष्ट अवश्य ऐकावी, तिची गोडी घ्यावी. परंतु ती संपताच दिवा लावावयास विसरू नये.