तिथीची पाऊणपट

दाभोळच्या धक्क्यावर मी आजवर जितक्या वेळा गेलो, तितक्या वेळा फेरीबोट पलीकडे धोपाव्यालाच होती. वाशिष्ठीचं मुख इथे चांगलंच रुंद. पलीकडच्या उतारावर लागलेल्या गाड्या ठिपक्यांएवढ्या दिसतात. ते ठिपके एकेक करून बोटीत शिरेपर्यंत इकडची मंडळी चहा घेतात, कुणी आदिलशाहीतल्या मशिदीचा घुमट बघून येतं, कुणी गाडीतच पाय पसरतं. मग बोट सुटते, आणि अवघ्या दहाएक मिनिटांत आपल्यासमोर येऊन तोंड उघडते.

तोंड उघडते असंच म्हणावं लागेल. या बोटीला धक्का लागतच नाही. तळ सपाट, पुढच्या टोकाला साखळ्यांवर पेललेला लोखंडी फळा. काठावर काँक्रीटचा एक उतार पाण्यात गेलेला असतो, तेवढं तिला पुरतं. पाणी चढलेलं असो की उतरलेलं, उताराच्या ज्या पायरीवर पाणी असेल तिथे ती नाक टेकते, फळा खाली सोडते आणि मोटारी, टेम्पो, दुचाक्या, डोक्यावर पाटी घेतलेल्या बायका, सगळं एकाच वाटेने बाहेर पडतं. किनाऱ्यावर तिला जंगलजेटी म्हणतात. २००३ मध्ये दाभोळ–धोपावे मार्गावर ही सेवा सुरू झाली, आणि नंतर बाणकोटच्या खाडीत वेश्वी–बागमांडला, जयगडच्या खाडीत तवसाळ–जयगड, जंजिऱ्याच्या शेजारी दिघी–आगरदांडा अशी तिची भावंडं आली. आता ती वसई–भाईंदरपर्यंत पोचली आहेत.

ही बोट नसेल तर दाभोळहून समोर दिसणाऱ्या धोपाव्याला जायला चिपळूणचा वळसा पडतो. शंभर किलोमीटरच्या वर रस्ता, दोन-तीन तास सहज मोडतात. (ज्याला जगाने ‘दाभोळ प्रकल्प’ म्हणून ओळखलं तो एन्रॉनचा वीजप्रकल्पही दाभोळात नाहीच. तो खाडीपलीकडे, गुहागर तालुक्यात अंजनवेल–वेलदूरच्या बाजूला आहे. नाव एका काठाचं, चिमण्या दुसऱ्या काठावर. पुण्या-मुंबईहून त्याच्या शोधात थेट दाभोळात उतरलेले किती जण असतील, देव जाणे.)

तीन तासांचा वळसा दहा मिनिटांवर आणणारी ही बोट काही फार पळत नाही. सायकलवाला तिच्याशी बरोबरी करील. जलवाहतुकीची चर्चा निघाली की आपल्याकडे पहिला प्रश्न असतो, ‘स्पीड किती?’ माझ्या मते तो प्रश्न धक्क्याला विचारायला हवा, बोटीला नव्हे.

मुंबईत भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला जाणाऱ्या रो-रो बोटीचंच बघा. ग्रीसमध्ये २०१९ साली बांधलेली ही बोट एका वेळी दोनशे मोटारी आणि हजार माणसं नेऊ शकते. मार्च २०२० मध्ये ती सुरू झाली आणि लगेच टाळेबंदीत अडकली. सेवेला खरी सुरुवात झाली ती त्याच वर्षीच्या गणपतीच्या सुमारास. रस्त्याने ११० किलोमीटर पडणारं अंतर पाण्यावरून १८ किलोमीटर आहे. तिचा वेग १४ नॉट, म्हणजे ताशी २६ किलोमीटरच्या आसपास. म्हणजे पाण्यावरचा शुद्ध प्रवास ४२ मिनिटांचा. समजा, एखाद्या उत्साही मंत्र्याने तिचा वेग दुप्पट करून दाखवला. वाचतील २१ मिनिटं. पण पाणी कापणाऱ्या साध्या तळाच्या बोटीला वेग दुप्पट हवा असेल तर ढोबळमानाने आठपट ताकदीचं यंत्र लागतं. वेळ निम्मा लागतो म्हणून फेरीमागचं डिझेल चौपटीवर थांबतं, इतकाच दिलासा. दोन बारीक तळांची कॅटामरान हा हिशोब थोडा सौम्य करते, रद्द करत नाही. ते डिझेल शेवटी तिकिटातून निघतं. आणि वाचलेली २१ मिनिटं? ती गाडी रांगेत लावण्यात, लवकर येऊन थांबण्यात आणि उतरल्यावर रिक्षा शोधण्यात कधीच खर्च झालेली असतात.

कोकणाला बोटीचं वेड जुनं आहे. आगबोटींच्या काळात मुंबईहून निघालेली बोट रत्नागिरी, जैतापूर, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ला करत पणजीला जायची. घरोघरी तिच्या आठवणी आहेत: वळकट्या, आंब्याच्या पेट्या, बोट लागून आडवी झालेली माणसं. पण त्या आठवणींत एक शब्द हमखास येतो, पडाव. बऱ्याच बंदरांत आगबोट काठाला लागतच नसे. ती खोल पाण्यात उभी राहायची आणि उतारू पडावात उतरून किनारा गाठायचे. हेलकावणाऱ्या शिडीवरून हेलकावणाऱ्या पडावात म्हाताऱ्या सासूला उतरवणं, मागोमाग पोरं, मागोमाग ट्रंका. मुंबईहून रात्रभरात शे-दोनशे किलोमीटर कापलेली बोट शेवटच्या अर्ध्या मैलाला तासभर खायची. पुढे रस्ते झाले, गावोगावी एसटी पोचली. एसटी बोटीपेक्षा सुखाची नव्हती, पण ती दारात थांबायची. १९८०च्या दशकाअखेर किनाऱ्याची बोट बंद पडली. १९९०च्या दशकात मुंबई–गोवा कॅटामरान आली, दिमाखात पळाली आणि तीही गेली.

आगबोटीच्या आठवणींना एक काळी कडा आहे. १७ जुलै १९४७, आषाढी अमावास्या. भाऊच्या धक्क्याहून रेवसला निघालेली ‘रामदास’ काशाच्या खडकाजवळ बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली. बोटीवर बिनतारी यंत्र नव्हतं. पोहून किनाऱ्याला लागलेल्यांनी सांगितलं तेव्हा मुंबईला कळलं. स्वस्त आणि जलद यांच्या आधी ‘सुरक्षित’ हा शब्द येतो, याची तशीच आठवण डिसेंबर २०२४ मध्ये पुन्हा झाली. गेटवेहून घारापुरीला निघालेल्या प्रवासी बोटीला नौदलाची वेगात असलेली बोट धडकली. त्यानंतर गेटवेवर प्रत्येकाच्या गळ्यात नारिंगी जॅकेट आलं.

रेवस आणि उरणचं मोरा ही मुंबईसमोरची दोन जुनी बंदरं, आणि या लेखाचं शीर्षक तिथलं आहे. किनाऱ्यावरच्या माणसाला भरतीची वेळ कळायला पंचांगाखेरीज काही लागत नाही. तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थी असेल तर चाराचे पाऊणपट तीन, म्हणजे तीन वाजता भरती. अष्टमीला सहा वाजता. पौर्णिमेला सव्वाअकरा. त्यात सहा तास मिळवले की सुकती, म्हणजे ओहोटी. मिनिटाला मिनिट जुळत नाही, पण लाँच पकडायला पुरतं.

आता हेच गणित नोकरदाराच्या बाजूने मांडून बघा. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असतं. पाणी सर्वांत वर चढतं ते दुपारी आणि मध्यरात्री, आणि सर्वांत खाली जातं ते पहाटे-सकाळी आणि संध्याकाळी. म्हणजे महिन्यातून दोनदा, काही दिवस, नेमक्या कामावर जायच्या आणि घरी परतायच्या वेळेला खाडीतलं पाणी तळाला. मोरा आणि रेवस दोन्हीकडे गाळ भरलेला. अशा वेळी लाँच धक्क्याला लागत नाही, उशिरा सुटते किंवा चिखलात बसते. भांगाच्या दिवसांत, अष्टमीच्या आसपास, संध्याकाळी सहाला पाणी आलेलं असतं आणि सगळं सुरळीत चालतं. एखाद्या लोकलचं वेळापत्रक चंद्राच्या कलेवर ठेवलं तर मुंबईकर काय म्हणेल? उरणकराने ते पिढ्यान्‌पिढ्या सोसलं. जानेवारी २०२४ मध्ये उरणपर्यंत रेल्वे आली आणि त्याच दिवशी अटल सेतूही खुला झाला, तेव्हा लाँचमधली माणसं तिकडे वळली. त्यांना लाँचचा संथपणा खुपत नव्हता, तिचा भरवसा नव्हता.

याला इलाज आहे, आणि तो कोचीत बघायला मिळतो. एप्रिल २०२३ मध्ये तिथे वॉटर मेट्रो सुरू झाली. कोचीन शिपयार्डने बांधलेल्या, बॅटरीवर चालणाऱ्या, शंभर माणसांच्या बोटी. वेग ८ ते १० नॉट, म्हणजे मांडव्याच्या बोटीहूनही हळू. पण स्थानक बघा: काठाला तरंगता तराफा, बोटीच्या पातळीइतकाच. पाणी चढलं की तराफा चढतो, उतरलं की उतरतो. चाकाच्या खुर्चीतला माणूस कुणाचाही हात न धरता सरळ आत जातो. उतारू चढ-उतर करत असताना बोट दहा-पंधरा मिनिटांत चार्ज होऊन निघायला तयार. सुरुवातीला तिकीट २० ते ४० रुपये होतं, आणि जमिनीवरच्या मेट्रोचं कार्ड इथेही चालतं. हळू बोट, चपळ धक्का.

आता मुंबईतही वॉटर मेट्रोचं बोलणं चालू आहे. ते बोलणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवलेली बरी. कोचीला भरती-ओहोटीतला फरक जेमतेम मीटरभर असतो, मुंबईत उधाणाला तो पाच मीटरच्या घरात जातो. पाणी दीड मजला चढावं-उतरावं, तसं. तराफा तोच, पण त्याच्यापर्यंत नेणारा पूल कित्येक पट लांब हवा, नाहीतर ओहोटीला ती घसरगुंडी व्हायची. शिवाय गाळ सतत उपसत राहावा लागेल. गाळ उपसण्याचं उद्घाटन होत नाही, म्हणून ते काम राहून जातं, असा माझा आपला संशय.

आता पैशाचं. फेब्रुवारी २०२२ मध्ये मुंबई–बेलापूर वॉटर टॅक्सी मोठा गाजावाजा करून सुरू झाली. स्पीडबोटीचं तिकीट आठशे रुपयांच्या पुढे. बेलापूरचा माणूस ट्रेनच्या पासावर महिनाभर फिरतो; तो आठशे रुपये एकदा देईल, सेल्फी काढायला. जंगलजेटीवर उलट हिशोब चालतो. तिथे खर्चाचा मोठा भार मोटारी आणि टेम्पो उचलतात आणि पायी माणूस थोडक्या पैशांत पार होतो. एका बोटीत दोघांना बसवल्यामुळेच हे जमतं. गोव्याने आणखी पुढे जाऊन पायी माणसाला आणि दुचाकीला तिकीटच ठेवलेलं नाही. चोडणहून रायबंदरला कामाला येणाऱ्या माणसासाठी ती फेरीबोट म्हणजे रस्त्याचाच एक तुकडा, आणि रस्त्यावरून चालायला कुणी पैसे मागत नाही. सरकारी तिजोरीला ते जड जातं हे खरं. पण पूल बांधला असता तर तोही तिजोरीतूनच बांधला असता.

जोडणीच्या बाबतीत मात्र कोकणात एक धडा फार पूर्वीपासून चालू आहे आणि त्याचं कौतुक कुणी करत नाही. गेटवेहून मांडव्याला जाणाऱ्या कॅटामरानच्या तिकिटातच अलिबागपर्यंतची बस धरलेली असते. बोट लागते, माणसं धक्क्यावरून चालत जातात, बस उभी असते, भरली की सुटते. कार्ड नाही, ॲप नाही. त्यात खोट एकच: पावसाळ्याचे तीन महिने या बोटी बंद. त्या दिवसांत रो-रोचा आधार.

रेवस ते रेड्डी सागरी महामार्गावर आता खाड्यांवर पूल बांधायचे ठरले आहेत. दाभोळची खाडीही त्यात आहे. बाणकोटच्या खाडीवरचा पूल अर्धवट खांबांनिशी वर्षानुवर्षं उभा होता आणि त्याच्या पायाशी वेश्वी–बागमांडला बोट निमूट फेऱ्या मारत राहिली. पूल झाले तर उत्तमच. रात्री दोनला पोटात दुखू लागलेल्या बाईला बोटीची वेळ विचारावी लागणार नाही.

गेल्या खेपेला धोपाव्याला उतरलो तेव्हा सुकती लागली होती. उताराचा शेवाळलेला भाग उघडा पडला होता, आणि एक खलाशी खराट्याने तो घासून वर माती टाकत होता, दुचाक्या घसरू नयेत म्हणून. माझ्याबरोबर उतरलेल्या दोन मावश्या पाट्या सावरत चढावर लगबगीने निघाल्या. वर वळणावर गुहागरची एसटी वळताना दिसली. एकीने हात केला, दुसरीने हाक मारली. कंडक्टरने मागे बघितलं की नाही कळलं नाही. बस गेली. मावशीने पाटी खाली ठेवली, खलाशाकडे बघून म्हणाली, “रे, तुझी बोट पाच मिनिटं आधी नाय सुटत?”

तो खराटा टेकून हसला. “बोट सुटेल मावशे. पण मग तू घरातनं निघशील काय?”